नाही म्हणणारा तांडेल

आमचा कप्तान अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्यावर रोज चिडायचा, तोही जेवताना. मस्कतच्या धक्क्यावरून पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीचा हा तांडेल, देवगडकडचा. तिथल्याच तिकीटखिडकीवर मी. वादी अदाई वस्तीत आमची खोली एक.

त्या अधिकाऱ्याचं जाडजूड चरित्र कुणी पर्यटक बोटीत विसरून गेला होता. हा शब्दांखाली बोट ठेवून वाचायचा आणि मला ऐकवायचा. साहेब बाराव्या वर्षी जहाजावर चढला, विशीत लेफ्टनंट झाला, तिशीत कप्तान. जणू ह्याच्याच भावकीतला! मी चेष्टेने ह्यालाही कप्तान म्हणू लागलो, तेच नाव पडलं.

एका संध्याकाळी मात्र त्याने ताट बाजूला सारलं. वादळ समोर दिसत असताना ॲडमिरलने निघायचा हुकूम दिला होता आणि साहेब निघाला होता. जहाज फुटलं, खलाशी बुडाले. साहेब वाचला, वर त्याला बढतीही मिळाली.

"सायबाक सगळा येय होता," कप्तान म्हणाला, "फकस्त नाय म्हणूक येय नाय होता."

पुढे कित्येक दिवस तो साहेबावर चिडून त्या बुडालेल्यांविषयीच बोलत राहिला. खरं सांगतो, मला त्याची भीती वाटू लागली.

मग जानेवारीतली ती सकाळ. आभाळ स्वच्छ, बोट पोराबाळांसकट भरलेली. कप्तानाने किल्ली अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, हातात ठेवली आणि सांगितलं, वारा फिरणार, आज बोट नेणार नाही. अर्बाब आधी हसला, मग भडकला. मी हळूच म्हटलं, अरे बाबा, व्हिसा जाईल, मुलीचं लग्न तोंडावर आलंय. हा ढिम्म. शेवटी खाबुरा गावचा दुसरा एक तांडेल गाठून अर्बाबने बोट सोडलीच.

बोट दुपारी सुखरूप परतली. वारा फिरला, पण त्यानंतर तासाभराने. अर्बाबच्या लेखी तो तास नव्हताच. आठवड्यात कप्तानाचा व्हिसा खलास.

विमानतळावर मला राहवलं नाही. एवढं करून काय मिळवलंस, असं विचारलं.

"सगळी माणसा परत इली मां?" तो म्हणाला. "मगे झाला."

आता बोट कसल्याही वाऱ्यात सुटते. काल सकाळी समुद्राचा रंग मलाही बरा वाटला नाही. खिडकीसमोर रांग होती, पुढच्याच बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं. मी तिकीट फाडून दिलं.