रिकामी ट्यूब दाखवली की नवी

लक्ष्मीमावशीला मी काउंटरमागून खोटं सांगितलं, हे आजवर बायकोलाही बोललो नाही.

लोह्यात माझं मेडिकल आहे. इथं औषधाचं नाव सहसा कोणी सांगत नाही. गुंडाळलेली रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवतात, आपण तशीच नवी काढून द्यायची. सोयाबीन काढताना मावशीच्या हातांना खाज सुटली, तेव्हा पहिली ट्यूब मीच दिली. तिच्यात स्टेरॉइड होतं, म्हणजे खाज आणि लाली झटक्यात दाबणारं औषध. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नसतं. मला ठाऊक होतं.

"दादा, लई गुणाची हाय तुमची ट्यूब. डॉक्टर मग काय करून राहिले?"

"हळू बोला मावशी, समोरच दवाखाना हाय."

"ऐकू द्या की! त्यालाबी एक द्या लावायला."

दर बाजारी ती अशी यायची. बाकड्यावर बसायची, पिशवीतली बोरं माझ्यापुढं ठेवायची. हळूहळू रिकाम्या ट्यूबा लवकर येऊ लागल्या. हातांना एवढी कशी लागते, मी विचारलं नाही.

एकदा ती लेकीला घेऊन आली. रेखाला बघायला पाहुणे येणार होते. तिनं तोंडाचा स्कार्फ सोडला. गाल लालभडक, कातडी पातळ, वर पुटकुळ्या. साध्या पुरळावर ती हीच ट्यूब लावत होती. बंद केली की आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायची.

"दादा, खरं सांगा. ट्यूबनं तर न्हाई झालं?"

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं.

"न्हाई मावशी. ऊन लागलं असंल."

"मग अजून एक द्या."

मी दिली.

पाहुणे आले, चेहरा बघून गेले, परत फिरकले नाहीत. शेवटी नांदेडच्या डॉक्टरनं ट्यूब बंद करायला लावली. चेहरा सावरला, पण फार हळू.

आता रिकामी ट्यूब दिसली की मी विचारतो, कुठं लावता, कधीपासून, घरात अजून कोण लावतं. साध्या खाजेला गार पाण्यानं धुऊन कॅलामाइनचं गुलाबी लोशन पुरतं. चेहरा असेल, लहान लेकरू असेल, कातडी फुटली असेल किंवा आठवड्यात फरक नसेल, तर डॉक्टर. गिऱ्हाइकं वैतागतात. दोन प्रश्न विचारायला वेळ लागत नाही, हे मला उशिरा कळलं.

बाजारच्या दिवशी मावशी समोरून जाते, पुढच्या मेडिकलात. मी बाकडं अजून पुसून ठेवतो. बोरांच्या दिवसांत तर नजर रस्त्यावरून हटत नाही.

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी देणं लागतो. तिला, आणि रेखालाही. त्यांच्या दारात जाऊन.