आत गेला होता का?

दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा फुटबॉलचा सामना होता आणि सतरा वर्षांची मी पंच होते. चेंडू गोलरेषेपाशी पडला तेव्हा मध्ये चार मुलं आली आणि मला काहीच दिसलं नाही. मी गोलकीपरलाच विचारलं, "आत गेला होता का रे?"

त्यानं हातमोज्यानं नाक पुसलं. "हो ताई, गेला होता."

मी गोल दिला. मैदानाबाहेरून त्याचे वडील ओरडले, "गप्प बसता येत नाही तुला? मोठा शहाणा लागून गेलास."

मुलाचे कान लाल झाले. कोणी धक्का दिला, चेंडूला हात लावला, तर काय करायचं ते मला पाठ होतं. खरं बोललेल्या मुलाला सगळ्यांदेखत झापलं तर काय करायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं. मी शिट्टी धरून नुसती उभी राहिले. त्या प्रसंगाची चीड अजून येते, त्याच्या वडिलांपेक्षा स्वतःचीच जास्त.

उत्तरार्धात पुन्हा तसंच झालं. मी पुन्हा विचारलं. त्यानं आधी वडिलांकडे पाहिलं.

"मला नाही दिसलं, ताई."

चेंडू त्याच्याच पोटाखाली होता. मी गोल दिला नाही. बाहेर त्याचे वडील टाळ्या वाजवत होते.