हसणं गाळून

कोर्टातल्या लघुलेखकांचा हात असा बसलेला होता, की साक्षीदाराचा शब्द खाली पडायच्या आत कागदावर उतरायचा. अठ्ठावीस वर्षांची तपश्चर्या ती. पण लेक शिकायला परगावी गेली आणि तिच्या फोनवरच्या निरोपांपुढे त्यांची विद्या चालेना.

'मेस बंद, दोन दिवस बिस्किटं, लोल.' 'आज पण लेक्चर स्किप, अंथरुणातच, मी डेड.' 'रूममेट बोलतच नाही, नो कॅप, हाहा.'

दुसऱ्याची खूण वाचता येऊ नये, म्हणजे लघुलेखकाचं नाकच कापलं की! त्यांनी ऑफिसातल्या टायपिस्ट मुलीला गाठलं.

"साहेब, लोल म्हणजे हसू आलं. मी डेड म्हणजे हसून हसून मेले. नो कॅप म्हणजे खरंच सांगते."

घरी येऊन त्यांनी बायकोला ऐटीत सांगितलं, "पोरगी मजेत आहे. वाक्यागणिक हसतेय."

"मग सुट्टीत घरी का नाही आली?" बायको म्हणाली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. रविवारी दुपारी ते लेकीचे महिनाभराचे निरोप घेऊन त्यांची स्वच्छ प्रत करायला बसले. कोर्टाचा शिरस्ता असा, की साक्षीदार काय म्हणाला तेवढं लिहायचं. हसला, खाकरला, ते गाळायचं. सवयीने त्यांनी सगळं हसणं गाळलं आणि जबानी वाचून दाखवतात तसं बायकोला वाचून दाखवू लागले.

"दोन दिवस बिस्किटांवर आहे. आजही वर्गात गेले नाही, अंथरुणातच होते. खोलीतली मुलगी माझ्याशी बोलतच नाही, खरंच सांगते..."

बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. "अहो, ही आपली पोर बोलतेय?"

जन्मभर परक्यांची दुःखं शब्दन् शब्द टिपली आणि पोटच्या पोरीचं हसण्यावारी नेलं, याची त्यांना भयंकर लाज वाटली. उत्तर लिहिताना त्यांनी टायपिस्ट मुलीकडून शिकलेला एकही नवा शब्द वापरला नाही.

'बाळा, मी आत्ताच्या गाडीने निघतोय. ओरडायला नाही. तुला घरी यायचं नसेल तर नुसता शेजारी बसेन.'

लघुलेखकांनी पिशवी भरली, पायात चपला सरकवल्या. तेवढ्यात फोन वाजला. लेकीने लिहिलं होतं, 'बाबा, आईलाही आणा.'