विहीणबाई 'शी' म्हणाल्या

"मॅडम, टेलिमार्केटिंग इथे अलाउड नाही."

बर्फाच्या पार्कचा मॅनेजर तुषार मला हे अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगत होता. त्याच वेळी त्याच्या पाठीमागून माझी विद्यार्थिनी आडवी होऊन, पाय छताकडे करून, हळूहळू घसरत चालली होती.

"टेलिमार्केटिंग नाही रे, टेलीमार्क! स्कीइंगचा प्रकार आहे तो."

"तेच ते, मॅडम. वर रिपोर्ट काय करू?"

"काहीही कर. आधी त्या ताईंना थांबव!"

तोवर ताई भिंतीला टेकून आपोआप थांबल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "अश्विनी, विहीणबाईंना कळव, मला गुडघेदुखी झालीये!"

स्थळ ठाण्यातला एक मॉल. बाहेर घामाच्या धारा आणि आत मशीनचा बर्फ. मुलांच्या घसरगुंडीसाठी केलेला जेमतेम उतार आम्हाला मॉल उघडायच्या आधी वापरायला मिळाला होता. मी हिवाळ्यात हिमाचलात स्कीइंग शिकवते आणि उरलेलं वर्ष ठाण्यात ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान चालवते. ठाण्यात बसून स्कीचे बूट विकते असं म्हटलं, की लोक माझ्याकडे फार मायेने बघतात.

भिंतीला टेकलेल्या त्या सुलभाताई. राहणार डोंबिवली, शाळेतून निवृत्त, मंगळागौरीच्या ग्रुपच्या लीडर. त्यांच्या मुलाने नॉर्वेत लग्न केलं. सून गोड, मराठी शिकणारी. तिच्या आईशी, म्हणजे इंग्रिडबाईंशी, सुलभाताईंची पहिली व्हिडिओ कॉलवर भेट झाली. इंग्रजी दोघींचंही बेताचंच. विहीणबाई हसल्या, सुलभाताईंकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "शी?"

"अगं, नवी पैठणी नेसले होते मी," सुलभाताई दुकानात येऊन मला सांगत होत्या. "आणि ही बाई तोंडावर शी म्हणते! पण मुलाकडची मी. पहिल्याच दिवशी भांडण नको, म्हणून मीही हसले आणि म्हटलं, येस येस, व्हेरी शी!"

मागाहून मुलाने उलगडा केला. नॉर्वेत स्कीला 'शी' म्हणतात. विहीणबाईंनी विचारलं होतं, तुम्ही स्की करता का? आणि आमच्या वरमाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं, हो, पुष्कळ! विहीणबाईंना आनंदाचं भरतं आलं. त्या स्वतः टेलीमार्क करायच्या. मार्चमध्ये आपण दोघी मिळून उतरू, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं.

"मग सांगून टाका ना, गैरसमज झाला म्हणून," मी म्हटलं.

"मुलाकडच्यांनी माघार घ्यायची?" सुलभाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने टेप काढली आणि पायाचं माप घेतलं.

टेलीमार्क म्हणजे काय ते सांगते. नेहमीच्या स्कीइंगमध्ये बूट पुढून आणि मागून स्कीला जखडलेला असतो. टेलीमार्कमध्ये तो फक्त पुढून धरलेला असतो, टाच मोकळी. वळताना एक पाय पुढे सरकवायचा, दुसरा मागे ठेवायचा, मागची टाच उचलायची आणि दोन्ही गुडघे वाकवायचे. उंबऱ्याला हळदकुंकू वाहायला वाकावं तसंच. फक्त उंबरा पळत असतो.

यात सगळ्यात महत्त्वाचा बूट. स्की उसनी चालते. नवशिक्याला हनुवटीपर्यंत येईल अशी, हलकी, मऊसर स्की पुरते. बुटाला मात्र बोटांच्या मागे, पेटीच्या भात्याला असतात तशा वळ्या असतात. टाच उचलली की बूट तिथे मुडपतो. पाऊलही तिथेच मुडपलं पाहिजे. म्हणून माप तंतोतंत हवं. मी सुलभाताईंना बुटाचं मॉडेल आणि नंबर व्हॉट्सॲपवर पाठवला. मुलाने ते तिकडे घेतले आणि भारतात येणाऱ्या मित्राबरोबर पाठवले.

बूट येईपर्यंत आम्ही डोंबिवलीत त्यांच्या गच्चीवर कॅनव्हासच्या बुटांत सराव केला. वाळत घातलेल्या मिरच्यांमधून सुलभाताई एक गुडघा टेकत, दुसरा उचलत जायच्या. शेजारणीने विचारलं, "नवस आहे का हो?" सुलभाताई म्हणाल्या, "विहीण आहे." शेजारीण समजून गेली.

मंगळागौरीने कमावलेल्या मांड्या त्या! गच्चीवर त्या अशा वळायच्या, की मला त्यांना सरळ हिमाचलात मदतनीस म्हणून न्यावंसं वाटे. म्हणूनच पार्कात काय बिघडलं ते मला कळेना. त्या आल्या त्या नवे बूट करकचून आवळूनच, चंद्रावर उतरल्यासारख्या चालत. स्की चढवली. टाच उचलायला गेल्या आणि पडल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा पडल्या. मग ती भिंत.

मी जवळ गेले, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"बोटं ठेचल्यासारखी दुखतायत गं. नाही जमायचं मला. तिथे ती हसेल, सून ओशाळेल, आणि माझा मुलगा मला धरून धरून खाली आणेल. त्यापेक्षा गुडघेदुखी बरी."

"बूट काढा बघू."

"कशाला? चांगले आहेत बूट."

"काढा म्हणते ना!"

बूट निघाला. त्यातून एक लोकरीचा मोजा निघाला. त्याच्या आत दुसरा. मग मी बुटात हात घातला, तर बोटांच्या जागी कापसाचा हा एवढा बोळा! बूट उलटा करून नंबर वाचला आणि मी बर्फातच बसले.

"सुलभाताई, हे आठ नंबरचे आहेत. मी पाच लिहिला होता."

"हो गं. मीच मुलाला बदलून सांगितला."

"पण का?"

त्या अगदी सहजपणे म्हणाल्या, "पाच नंबर घरात मला एकटीलाच झाले असते. आठचे ह्यांनाही होतील!"

'हे' म्हणजे श्रीकांतराव. ते मागच्या बाकावर शाल, कानटोपी आणि वर मफलर अशा तयारीने बसले होते. त्यांनी मान वर केली.

"मला? मी कुठे घसरणार आहे? मला फ्रिज उघडला तरी शिंक येते."

"तुम्ही गप्प बसा हो. एवढी महागाची वस्तू, एकाच माणसाला होऊन कसं चालेल?"

या प्रश्नाचं उत्तर स्कीइंगच्या कोणत्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. घरातला स्वेटर, छत्री, रेनकोट सगळ्यांना झाला पाहिजे, हे मीही आईकडून ऐकत आलेय. पण इथे कापसाने पाऊल मागे ढकललेलं. बूट मुडपत होता पुढे आणि पाऊल मुडपू बघत होतं मागे. वळ्या रुतत होत्या नेमक्या बोटांवर. पडणार नाही तर काय?

नशीब, माझाही नंबर पाच. मी माझे बूट काढून त्यांना दिले आणि ते आठ नंबरचे स्वतः घातले, कारण बर्फात मोज्यांवर उभं राहायची माझी हौस केव्हाच फिटली आहे. स्कीवरची पकड बूट पुढूनच धरते, त्यामुळे फक्त टाचेमागून जाणारी, टाचेबरोबर वर उचलली जाणारी तार जराशी आवळावी लागली.

"आता उंबरा," मी म्हटलं.

सुलभाताईंनी श्वास घेतला. निघाल्या. उजवा पाय पुढे सरकला, डावी टाच अलगद उचलली गेली, दोन्ही गुडघे वाकले आणि बाई डावीकडे अशा वळल्या, अशा वळल्या, की तुषारच्या हातातला वॉकीटॉकी खाली पडला.

"आयला, मॅडम! एकदम भारी! हेच टेलिमार्केटिंग?"

"हेच!" मी टाळ्या वाजवत, आठ नंबरच्या बुटांत फेंगडी धावत म्हटलं.

त्या वळल्या, थांबल्या आणि खालूनच ओरडल्या, "अहो, बघितलंत का?"

"चष्म्यावर वाफ धरलीये," श्रीकांतराव म्हणाले. "पुन्हा कर."

त्यांनी पुन्हा केलं. पार्क उघडेपर्यंत करतच राहिल्या. माझे बूट मात्र त्यांनी परत दिले नाहीत, नॉर्वेला नेले.

मार्चमध्ये त्यांचा व्हिडिओ आला. खराखुरा डोंगर, आणि दोन विहिणी शेजारी शेजारी उतरताहेत. दोघींचे गुडघे एकदम वाकतात, दोघी एकदम वळतात. मग विहीणबाई कौतुकाने बाजूला बघायला जातात आणि धपकन पडतात. सुलभाताई त्यांना हात द्यायला जातात आणि त्यांच्या अंगावर पडतात. पुढे नुसता हसण्याचा आवाज आणि मध्ये मध्ये "शी! शी!"

मी लगेच फोन केला. "जिंकलात! आता तरी पटलं ना, बूट ज्याचा त्याच्याच मापाचा हवा?"

"थांब, अजून एक फोटो पाठवते."

फोटोत श्रीकांतराव होते. कानटोपी, मफलर, दोन्ही बाजूंनी व्याही आणि सून धरून उभे. पायात स्की. आणि स्कीवर ते बूट, आठ नंबरचे, अगदी तंतोतंत बसलेले.

"बघ," सुलभाताई म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं, ह्यांनाही होतील?"

तेव्हापासून दुकानात बाई एकटी आली, तरी तिच्या पायाचं माप घेऊन झालं की मी टेप गुंडाळत नाही. विचारते, "आणि ह्यांचा नंबर?"