एम-वीस की एम-पस्तीस: एका कॅनेडियन गाडीपायी साउथहॅम्प्टन

दीड वर्ष पैसे साठवून प्रशांतने साठच्या दशकातली एक कॅनेडियन गाडी घ्यायचं ठरवलं आणि ती आणायला मला बरोबर घेतलं. कारण साधं होतं. त्याचं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं आणि गाडी चार गिअरची. मूळचा नागपूरचा, इथे लंडनच्या इल्फर्डला माझा शेजारी, बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो. असा शहाणा माणूस कायद्याने चालवता न येणारी गाडी घेत होता.

"मग ऑटोमॅटिकच का घेत नाहीस?" मी विचारलं.

"भाऊ, ऑटोमॅटिक तर कोणीही घेते. ही फॅक्टरीतूनच फोर-स्पीड निघालेली आहे. रेअर पीस!"

शनिवारी सकाळी निघालो. इल्फर्डहून लिव्हरपूल स्ट्रीट, तिथून वॉटरलू, पुढे साउथहॅम्प्टन साधारण सव्वा तास. तिकीट आधी काढा, ऐनवेळी फार महाग पडतं. वॉटरलूची कॉफी टाळली तरी चालेल. आम्ही प्रशांतच्या बायकोने, मंजिरीवहिनींनी दिलेल्या दशम्या खाल्ल्या.

अशी गाडी घ्यायची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट. त्या काळी गिऱ्हाईक गाडी मागवतानाच गिअरबॉक्स निवडायचं आणि कारखाना त्याची नोंद कोडमध्ये ठेवायचा. आमच्या गाडीपुरतं सांगायचं तर एम-वीस म्हणजे हाताने टाकायचे चार गिअर, एम-पस्तीस म्हणजे दोन गिअरची ऑटोमॅटिक. फी भरली की गाडीच्या चॅसी नंबरावरून ही नोंद कॅनडाहून मागवता येते. प्रशांतने मागवली होती. आली त्याच दिवशी लॅमिनेट करून देव्हाऱ्यात ठेवली होती. वाचली मात्र नव्हती.

"त्यात वाचायचं काय? नुसते कोड आहेत," तो म्हणाला. "पूजेच्या वेळी काढू."

गाडीचा मालक टेरी, गोदीतून निवृत्त झालेला, बोलायला गोड. गाडी निळी, आमच्या गावच्या शाळेच्या वर्गाएवढी लांब. प्रशांतने बॉनेटवर तो कागद ठेवला, नारळ ठेवला आणि कुंकू लावायला मला पुढे केलं. माझी श्रद्धा आहे, त्यामुळे अशी कामं माझ्याकडेच येतात. पण शाळेतल्या गुरुजींनी ओळीखाली बोट धरून वाचायची सवय लावलेली. कुंकवाला कोरी जागा शोधता शोधता बोट एका ओळीवर थांबलं. एम-पस्तीस.

"टेरी, हे काय?"

टेरीने चहा ढवळला. "ती फॅक्टरीची ऑटोमॅटिक. मी काढून टाकली. शेडमध्ये पडलीय, हवी तर फुकट न्या."

"पण जाहिरातीत तर ओरिजिनल गिअरबॉक्स लिहिलंय!"

"ओरिजिनलच आहे. फक्त दुसऱ्या गाडीचा."

मी प्रशांतला बाजूला घेतलं. "देवानेच जुळवून आणलंय बघ. ती परत बसव. गाडीही खरी होईल आणि तुला चालवताही येईल."

"भाऊ, हळू बोला ना! आपल्या मराठी मंडळात सगळ्यांना फोर-स्पीड सांगून ठेवलंय मी."

टेरीने किंमत थोडी उतरवली. प्रशांतने तेवढ्यावर गाडी घेतली. खरा गिअरबॉक्स शेडमध्येच राहिला.

परतीला एम-थ्री या मोटरवेवरून मी चालवली. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे ओव्हरटेक करताना प्रशांत उजवीकडून मान बाहेर काढून "येऊ द्या, येऊ द्या" करत होता. चाळीस वर्षांवरच्या गाडीला लंडनमध्ये धुराचे पैसे भरावे लागत नाहीत. वाचलेले पैसे पेट्रोल गिळून टाकतं.

इल्फर्डला मंडळाची माणसं जमलेली. प्रशांत रुबाबात उतरला. "फॅक्टरी ओरिजिनल फोर-स्पीड! भाऊंना विचारा, देवाधर्माचा माणूस, खोटं बोलायचे नाहीत."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या देवाचं नाव त्याने त्या गिअरबॉक्सला जामीन ठेवलं होतं.

"गाडी देखणी आहे," मी म्हटलं. "गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा आहे. हिचा साउथहॅम्प्टनला राहिला."

तीन आठवडे झाले, प्रशांत माझ्याशी बोलत नाही. गाडी त्याच्या दारात उभी आहे, कारण ड्रायव्हर मीच होतो. रोज तिच्याजवळून जाताना वाटतं, चारचौघांत बोललो, एकट्याला गाठून बजावायला हवं होतं. पण विचारलं चारचौघांतच होतं. खोटं न बोलल्याचं समाधान आहे; मित्र दुखावल्याची बोचही आहे.

काल मंजिरीवहिनींचा फोन आला. "भावजी, साउथहॅम्प्टनला जाऊन यायला व्हॅन केवढ्याला मिळेल हो? खरं तर आमचे हेच विचारतायत. पण मीच विचारलं असं सांगायला सांगितलंय."