लाल लाइट आणि शालनमावशींची वही

गेल्या रविवारी संध्याकाळी मोरिवलीला जयंतीनिमित्त गाण्यांचा कार्यक्रम होता. लाइट आमच्या मामाची... आणि लाइट कमी-जास्त करायच्या डिमरवर मी.

आठवीत शाळा सोडली तेव्हापासून मी मामाबरोबर जाते. चार माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, पण डिमरमागे बसलं की कोणी बघत नाही. निळी लाइट हळूहळू कमी केली की बडबडणारी पब्लिक आपोआप गप्प होते... ते मला जाम आवडतं.

खरवईच्या शालनमावशी पहिल्यांदाच स्टेजवर गाणार होत्या. आनंदनगरला एका कंपनीत पॅकिंगला आहेत. त्यांच्याबरोबरच्या सगळ्या बाया नटूनथटून पुढे बसल्या होत्या.

आईवरचं गाणं होतं. पहिलं कडवं मी निळ्यात ठेवलं, समोरची एक पांढरी लाइट मंद ठेवून, तर बाया डोळ्याला पदर लावायला लागल्या. मग चाल चढली, ढोलकी घुमली आणि मी जोशात बाकी सगळं बंद करून अख्खं स्टेज लाल केलं. मामाने लांबून अंगठा दाखवला.

आणि मावशी थांबल्या... समोर स्टँडवर ठेवलेल्या गाण्याच्या वहीत बघतायत, पान उलटतायत, परत मागे येतायत. ढोलकीवाला बिचारा तोच ठेका फिरवतोय. मागून एक पोरगा ओरडला, "ओ मावशी, पाठ करके आनेका ना!"

सगळे हसले. निवेदकाने टाळ्या मागितल्या आणि मावशी खाली उतरल्या.

वही स्टँडवरच राहिली. मी लाइट तशीच सोडून ती आणायला गेले. निळ्या पेनच्या ओळी काळ्याभोर दिसत होत्या, आणि खाली पान कोरं! स्टेजमागे ट्यूबलाइटखाली धरलं तर तिथे ओळी होत्या... लाल पेनने लिहिलेल्या. लाल लाइटमध्ये लाल शाई गायब होते, हे मला तेव्हा कळलं.

वही दिली तर मावशीच मला म्हणाल्या, "तुझी लाइट किती छान होती गं बाळा. मीच माती केली."

मी फक्त मान हलवली. हो म्हटल्यासारखी.

तीन दिवस जेवण गेलं नाही. बुधवारी खरवईला त्यांच्या घरी गेले आणि अडखळत सगळं सांगितलं. मावशी वही उघडून बघत बसल्या. "माझ्या पोरीने पुढचं कडवं मुद्दाम लालने लिहून दिलं होतं, चाल बदलते ते पटकन दिसावं म्हणून."

मग म्हणाल्या, "कंपनीत बाया रोज चिडवतात मला. आणि तू घरात येऊन गुपचूप सांगतेस? तिथं माइक होता ना?"

होता... चार पावलांवर.

माइक हातात घ्यायची हिंमत अजून नाही, म्हणून इथे लिहितेय. तुमच्यातलं कोणी आनंदनगरला कामाला जात असेल, तर प्लीज पॅकिंगच्या बायांना हे वाचून दाखवा. शालनमावशींना गाणं येत होतं. त्यांच्यासमोरचे शब्द मी घालवले... आणि त्याच चुकल्या असं सगळ्यांना वाटू दिलं, तेही मीच.