खडेकाकांची सात कप्प्यांची डबी

डॉक्टरबाईंच्या गाडीचा ड्रायव्हर रोज संध्याकाळी गाडी फाटकात लावली की तिच्या चाकापाशी गुडघे टेकून बसायचा. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा गाडीच्या पाया पडतोय. तो खिशातून बोथट स्क्रू ड्रायव्हर काढायचा आणि चारी टायरच्या खाचांत रुतलेले खडे उकरायचा. घाई नाही, गडबड नाही. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं खडेकाका. मग मोठी माणसंही तेच म्हणू लागली, आणि शेवटी बाईसुद्धा.

काकांचं म्हणणं साधं होतं. खाचेत राहिलेला खडा दुसऱ्या दिवशी आणखी आत जातो, तिसऱ्या दिवशी टायरला भोसकतो. तेव्हा ज्या दिवसाचा खडा त्या दिवशी बाहेर. पण एवढ्यावर थांबतील ते काका कसले! उकरलेल्या खड्यांतला एक, त्या दिवसाची खूण म्हणून, ते जपून ठेवायचे. बाईंच्या दवाखान्यातून गोळ्यांची एक रिकामी डबी त्यांना मिळाली होती. सात कप्पे, सात झाकणं, झाकणावर वाराचं नाव. सोमवारचा खडा सोमवारच्या कप्प्यात. कप्पा भरला की घरी जाऊन कुंडीत रिकामा करायचा आणि पुन्हा सुरुवात.

"लोक घरी भाजी आणतात, आमच्या घरी दगड येतात," काकू म्हणायच्या.

"दगड नाहीत ते. रस्ता आहे," काका म्हणायचे.

"मग तो रस्ता कुंडीत कशाला? जास्वंदीला कुठे गावाला जायचंय का?"

काका हसायचे आणि चहा मागायचे.

डॉक्टरबाई सोमवार ते शनिवार रोज एका वस्तीवर जायच्या. सहा वार, सहा वस्त्या, सहा रस्ते. अकरा वर्षं काका त्यांना नेत होते. आधी एक जुनी जीप होती, ती हाडं खिळखिळी करायची. बाईंची कंबर धरली, तेव्हा त्यांच्या यजमानांनी, म्हणजे साहेबांनी, दोन वर्षांपूर्वी ही मोठी गाडी घेतली. काळी, उंच, चामड्याच्या सीटची. दार लावलं तर उशीवर उशी ठेवल्यासारखा आवाज. साहेब इमारतींचे नकाशे काढायचे आणि त्यांना प्रत्येक गोष्ट देखणी लागायची. गाडीची चाकंही त्यांनी देखणी निवडली होती: रिम हे एवढं मोठं, आणि त्याभोवती टायर पातळ, बांगडीसारखा.

पहिल्याच गुरुवारी ती बांगडी फाटली.

गुरुवारची वस्ती दगडखाणीच्या वर होती. शेवटचा चढ फुटक्या काळ्या दगडाचा, धार अशी की चप्पल कापावी. पातळ टायर दगडावर दाबला गेला आणि बाजूलाच चिरला. दोन महिन्यांत तीन टायर गेले. तेव्हापासून काका चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवायचे, आणि बाई औषधांची पेटी घेऊन काकांबरोबर तो चढ पायी चढायच्या. कंबरेसाठी घेतलेली गाडी खाली आणि कंबर वर चालत. दोन वर्षं काकांच्या मनात हे सलत होतं.

आता चारी टायर झिजले होते. पन्नास हजार किलोमीटर चालायचे ते तिसाव्या हजाराला टेकले. सकाळी काका किल्ली घ्यायला दारात उभे होते, तेव्हा आतून साहेबांचा आवाज आला.

"माणूस चांगला आहे गं, पण वय झालंय. ही गाडी नाजूक आहे. एजन्सीचा शिकलेला ड्रायव्हर ठेवू."

"अरे, अकरा वर्षांत त्यांनी माझा एक दिवस चुकवला नाही."

"मग टायर कुणी खाल्ले? मी?"

बाई म्हणाल्या, "शनिवारी दुकानात तिघंही जाऊ. टायर बघणारा माणूस काय सांगतो ते ऐकू. काकांची चूक असेल तर तू म्हणशील तसं."

काका किल्ली न घेताच दोन पावलं मागे सरले. नोकरी जाण्याचं दुःख होतंच. पण चालवणाऱ्याला चालवता येत नाही असं ठरून जाणं, ते जिव्हारी लागणारं होतं. घरी त्यांनी काकूंना काही सांगितलं नाही. फक्त त्या रात्री दगडांवरून टोमणा मारला तरी काका हसले नाहीत, एवढ्यावरून काकूंनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

शनिवारी वस्ती उरकून दुपारी गाडी दुकानात गेली. दुकान कसलं, आरसेमहाल! काचेसारखी फरशी, भिंतीवर टायर असे टांगलेले जसे सोनाराकडे हार. चाळिशीचा, गळ्यात टाय बांधलेला विक्रेता पुढे आला. गाडी जॅकवर चढली. त्यानं टायरवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"हे बघा मॅडम. मधला भाग शाबूत आहे. दोन्ही कडा झिजल्या. म्हणजे हवा कमी असताना गाडी पळवलीय, आणि ती एकदोनदा नव्हे." त्यानं काकांकडे बघितलंसुद्धा नाही. "ड्रायव्हरचं लक्ष नाही. सगळीकडे हेच."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं.

"काका, हवा बघत नाही तुम्ही?" बाईंचा आवाज हळू होता.

"बाई, मीटर लावल्याशिवाय गाडी माझ्या हातून फाटकाबाहेर पडलेली नाही."

"सगळे असंच म्हणतात, मामा," विक्रेता हसला.

या माणसानं कडा बरोबर वाचल्या होत्या, ही तर खरी पंचाईत होती. हवा कमी असायची. दर सोमवारी सकाळी चारी चाकं नरम सापडायची आणि काका ती भरायचे. रविवारी गाडी कोण नेतं हे त्यांना ठाऊक होतं. पण अकरा वर्षं ज्या घरचं पाणी प्यायलं, त्या घरच्या माणसाची चहाडी? तीही त्याच्या बायकोपुढे, परक्या दुकानात? जीभ रेटेना.

तोवर विक्रेत्यानं एक टायर लोळवत आणला. आणखी पातळ, आणखी रुंद, बाजूवर लाल पट्टी. "सर, हा घ्या. हमरस्त्यावर गाडी चिकटून धावेल. आणि रुबाब तर बघा!"

साहेबांचे डोळे चमकले. "वा! हाच."

इथे मात्र काकांना राहवेना. आपलं काय व्हायचं ते होवो, पण बाईंना आणखी तीन वर्षं तो चढ पायी चढवणार का? ते गाडीकडे गेले आणि पुढच्या कप्प्यातून गोळ्यांची डबी घेऊन आले.

"मामा, डोकं दुखतंय का?" विक्रेत्यानं विचारलं.

"माझं नाही," काका म्हणाले. "साहेब, टायर दुकान बघून घेऊ नये. रस्ता बघून घ्यावा. हा घ्या रस्ता."

त्यांनी काचेच्या टेबलावर सोमवार उघडला. लाल मुरूम, वाटाण्याएवढा. मंगळवार, तसाच. बुधवारी डांबर लागलेली बारीक खडी. आठवड्यात हमरस्ता काय तो एवढाच. गुरुवार उघडला तेव्हा काळा, त्रिकोणी, धारदार खडा निघाला. विक्रेत्यानं तो सहज उचलला आणि "स्स!" करून बोट तोंडात घातलं.

"तुमच्या बोटाला हे करतो, मग त्या पातळ बाजूला काय करत असेल?" काका म्हणाले. "तिथे बाई पेटी घेऊन चालत जातात. शुक्रवार आणि शनिवारही बघा, मुरूमच. सहांतला एक दिवस डांबर, आणि टायर घ्यायचा डांबराचा?"

"पण मामा, या गाडीला दुसरं काही बसतच नाही."

"ड्रायव्हरच्या दारामागच्या खांबावर कंपनीनं कागद चिकटवलाय. त्यावर दोन मापं आहेत. दुसऱ्या मापात रिम दोन इंच लहान आणि टायरची बाजू जाड. बाहेरून उंची तितकीच. वजन पेलायचा आकडाही तोच."

विक्रेता जाऊन वाचून आला. आता त्यानं 'मामा' सोडून 'काका' म्हणायला सुरुवात केली. "खरं आहे सर. तसं रिमही आपल्याकडे आहे आणि टायरही. खोल खाचांचा."

"लहान रिम?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे एवढ्या सुंदर गाडीला गमबूट घालायचे!"

"खाणीत जाणाऱ्याच्या पायात गमबूटच हवेत, साहेब."

बाई हसल्या. त्या दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यांचं लक्ष डबीकडे गेलं. "काका, एक कप्पा राहिला. रविवार."

काकांनी डबीवर हात ठेवला. "तो वार माझा नाही, बाई. मला सुट्टी असते."

"मग त्यात खडे कसले?"

"सोमवारी सकाळी चाकात सापडतात ते."

बाईंनी त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि झाकण उघडलं. पांढरे, गोल, गुळगुळीत गोटे बाहेर पडले. त्यामागून चिमूटभर वाळू आणि शिंपल्याचा एक चकचकीत तुकडा. सहा वस्त्यांच्या वाटेवर कुठेही नदी नव्हती.

बाईंनी मान वळवली. "अरे, तू रविवारी क्लबात जातोस ना?"

साहेब फरशीत स्वतःचं प्रतिबिंब बघत होते. "क्लबातले आम्ही चौघं. नदीवर जातो. वाळूत गाडी चालवायला."

"आणि हवा?"

"ती सोडावी लागते. नाहीतर चाकं रुततात. मित्रानं शिकवलं."

"परत येताना भरतोस?"

साहेब अगदी शाळकरी आवाजात म्हणाले, "सोमवारी ती भरलेलीच असायची. मला वाटलं, गाडी स्वतःच भरून घेते."

"काय?"

"अगं, एवढी महागडी गाडी! सीट तापते, आरसे मिटतात, दिवे आपोआप लागतात. म्हटलं, हवाही भरत असेल. समोर पिवळा दिवा लागायचा तो मी बटण दाबून घालवायचो."

विक्रेत्यानं टाय सावरायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. बाई तर खुर्चीत बसून डोळे पुसायला लागल्या. हसता हसता त्यांनी विचारलं, "काका, दर सोमवारी तुम्ही भरत होता?"

"बाहेर निघायच्या आधी, बाई."

"दोन वर्षं! आणि एका शब्दानं बोलला नाहीत!"

साहेब दोन पावलं पुढे आले. उंच माणूस, पण त्या वेळी काकांएवढाच दिसत होता. "काका, टायर मी खाल्ले. मी आणि माझ्या नदीनं. एजन्सीचं मी बोललो होतो..."

"ते मी ऐकलं नाही, साहेब," काका म्हणाले. हे एकच खोटं ते त्या दिवशी बोलले, आणि तेही ताठ मानेनं.

पुढचा तास काकांचा होता. आलेल्या प्रत्येक टायरच्या बाजूवरचे चार आकडे त्यांनी चष्मा लावून वाचले: पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, मागचे दोन वर्षाचे. स्टेपनीसकट पाचांतला एक चार वर्षं गोदामात पडलेला निघाला. काकांनी तो पायानंच बाजूला लोटला. विक्रेत्यानं चूं न करता नवा आणला. शेवटी हमीचा कागद आला. 'टायर निवडणाऱ्याची सही' अशी त्यावर जागा होती. साहेबांनी पेन उघडलं, जरा थांबले, आणि ते काकांच्या हातात दिलं. काकांनी शर्टाला हात पुसले. मग त्यांनी सही केली, खडा उकरतात तितक्याच सावकाश.

गुरुवारी गाडी खाणीच्या चढापाशी आली. सवयीनं बाईंनी पेटी उचलली.

"बसा, बाई," काका म्हणाले.

गाडी चढू लागली. खाली काळे दगड करकरत होते, दात खात होते, पण जाड रबर त्यांना पोटाशी घेऊन पुढे सरकत होतं. निम्मा चढ. वळण. मग तो टोकेरी पट्टा, जिथे तीन टायर गेले होते. गाडी किंचित डुलली आणि पट्टा मागे पडला. वर दवाखान्याच्या ओसरीवर बसलेल्या बायका उभ्या राहिल्या. दोन वर्षांत त्यांनी डॉक्टर बघितली ती घामानं भिजलेली, धापा टाकणारी. एक म्हातारी कपाळावर हात धरून ओरडली, "अगं बया! डॉक्टरीण बसून आली!"

आणि पोराटोरांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई पायरीसमोर उतरल्या, कोरड्या, हसऱ्या. मागे वळून त्यांनी काकांना हात जोडले. काकांना कुठे बघावं कळेना, म्हणून ते गुडघे टेकून चाकापाशी बसले. चारी टायर तपासले. एकाही बाजूवर ओरखडा नव्हता. खाचेत मात्र एक काळा, त्रिकोणी खडा होता. त्यांनी तो उकरला, फुंकला आणि गुरुवारच्या कप्प्यात टाकला.

रविवारी सकाळी काकांकडे फोन आला. ते जास्वंदीला पाणी घालत होते.

"काका," साहेब विचारत होते, "नदीवरून परत येताना हवा किती भरू?"

काकांनी आकडा सांगितला. मग विचार करून म्हणाले, "भरताना स्वतः मीटर बघा, साहेब. गाडी बघत नाही."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत गेल्या आणि काकांनी न मागताच चहा घेऊन आल्या.